बाँड रांगडा झाला, हे बरं झालं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात बाँडपटांवर बोलायला बसलं की गाडी थोड्या वेळात २००६ सालावर येऊन थांबते. त्या वर्षी ‘कॅसिनो रॉयल’ आला. बाँड मार खाऊ लागला, धापा टाकू लागला, प्रेमात फसला, आणि चाहत्यांत पडलेली फूट अजून बुजलेली नाही. त्या वादात पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत कथानक उघड झालं आहे, त्यामुळे चित्रपट बघितले नसतील तर आधी ते बघा.

‘रांगडा बाँड’ म्हणजे नेमका कोणता चित्रपट?

डॅनियल क्रेगचे पाच चित्रपट आहेत: ‘कॅसिनो रॉयल’ (२००६), ‘क्वांटम ऑफ सोलेस’ (२००८), ‘स्कायफॉल’ (२०१२), ‘स्पेक्टर’ (२०१५) आणि ‘नो टाइम टू डाय’ (२०२१). वाद मुख्यतः पहिल्या दोघांवर होतो आणि लोक या दोघांना एकाच पोत्यात भरतात. निम्मं भांडण तिथेच सुरू होतं. पहिला मार्टिन कॅम्पबेलचा, १४४ मिनिटांचा, तोवरच्या मालिकेतला सर्वांत लांब. दुसरा मार्क फॉर्स्टरचा, १०६ मिनिटांचा, सर्वांत आखूड. दोन्हींची ठेवण पार वेगळी आहे.

‘रांगडेपणा’ या एका शब्दाखाली तीन गोष्टी येतात. एक, मार खरा लागतो आणि त्याची खूण पुढच्या दृश्यात राहते. दोन, चमत्कारी यंत्रं जवळपास नाहीत. तीन, कॅमेरा हलतो आणि कट भराभर पडतात. पहिल्या दोन ‘कॅसिनो रॉयल’च्या आहेत, तिसरी ‘क्वांटम’ची. कुणी म्हणालं, “मला तो रांगडेपणा झेपला नाही,” तर त्याला यातलं काय झेपलं नाही ते आधी विचारावं. बऱ्याचदा दोघांचं मत एकच निघतं.

जुना साचा चालत होता, मग मोडला कशाला?

पैशाच्या हिशेबाने चालतच होता. पिअर्स ब्रॉस्ननच्या शेवटच्या ‘डाय अनदर डे’ने (२००२) जगभरात सुमारे ४३ कोटी डॉलरचा गल्ला जमवला होता. पण त्यात अदृश्य होणारी ॲस्टन मार्टिन होती, बर्फाचा महाल होता, आणि संगणकावर बनवलेल्या लाटेवरून बाँड घसरत जातो ते दृश्य होतं. ती लाट खोटी आहे हे पडद्यावर लगेच कळतं. जीव धोक्यात आहे असं वाटतच नाही, मग श्वास रोखणार कोण? त्याच वर्षी ‘द बोर्न आयडेंटिटी’ आला आणि हेर हाताला मिळेल त्या वस्तूने मारामारी करताना दिसला. तुलना अटळ होती.

दुसरं कारण हक्कांचं. इयान फ्लेमिंगची ‘कॅसिनो रॉयल’ ही १९५३ ची, बाँडची पहिलीच कादंबरी. तिचे हक्क सुरुवातीलाच वेगळ्या हातांत गेले. त्यातून १९५४ ला टीव्हीवर एक रूपांतर झालं आणि १९६७ ला एक विडंबनपट निघाला. मूळ मालिकेच्या निर्मात्यांच्या हाती हे पुस्तक आलं ते १९९९ मध्ये. बाँड बाँड कसा झाला, ही कथा त्यांना तोवर सांगताच येत नव्हती.

सोनेरी केसांचा बाँड चालतो का?

पुस्तकातल्या बाँडचे केस काळे आहेत आणि उजव्या गालावर व्रण आहे. तेव्हा पुस्तकाला धरून बसणाऱ्यांचा आक्षेप खोटा नव्हता. ऑक्टोबर २००५ मध्ये क्रेगला थेम्स नदीतून बोटीने पत्रकारांसमोर आणलं, तर त्याने घातलेल्या लाइफ जॅकेटवरूनही त्याची टर उडवली गेली. बहिष्काराची हाक देणारं संकेतस्थळही निघालं. चित्रपट आल्यावर यातलं फार काही उरलं नाही. आज केसांवर अडून बसणारा चाहता क्वचितच भेटतो.

जिन्यातल्या मारामारीचं एवढं कौतुक का?

कारण त्यात डाव दिसतो. खासबागचं कुस्तीचं मैदान आठवा. मध्ये हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, आणि अगदी वरच्या ओळीतल्या माणसालाही पट कुणी काढला, ढाक कुणी लावली ते स्वच्छ दिसतं. कोल्हापूरचा प्रेक्षक लहानपणापासून लढत अशी बघत आलाय. त्याला नुसती धडपड दाखवून चालत नाही, कोण कुणावर कसा चढला ते कळायला हवं.

मॉन्टेनेग्रोच्या हॉटेलातल्या जिन्यात ते कळतं. बंडखोर पुढारी ओबान्नोच्या हातात कोयता आहे, बाँडच्या हातात काही नाही. आधी ओबान्नोचा साथीदार कठड्यावरून खाली जातो. मग दोघे पायऱ्यांवरून आपटत, घसरत तळाशी येतात. जुगाराचे पैसे सांभाळायला बाँडसोबत आलेली अर्थखात्याची अधिकारी व्हेस्पर भिंतीला चिकटून उभी आहे. ओबान्नोचा हात पिस्तुलाकडे जातो तेव्हा तीच तो हात आपटून पिस्तूल सोडवते. शेवटी बाँड मागून गळा आवळतो, आणि ती आवळ किती वेळ चालते ते बघा. माणूस पटकन मरत नाही. कॅमेरा व्हेस्परच्या चेहऱ्यावर जातो आणि तिथून हटत नाही.

खरी गोष्ट त्यानंतरची. बाँड खोलीत येतो, आरशासमोर उभा राहतो, रक्त धुतो, दारूचा एक घोट घशाखाली ढकलतो, शर्ट बदलतो आणि पुन्हा पत्त्यांच्या टेबलावर जाऊन बसतो. खेळ संपवून परततो तेव्हा व्हेस्पर अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवरखाली बसलेली असते. तिच्या हातावरचं रक्त तिला अजून दिसतंय. बाँडही तसाच, कपड्यांसकट, शेजारी जाऊन बसतो. आधीच्या चाळीस वर्षांत बाँडने शेकड्याने माणसं मारली, पण त्यातल्या एकाही मरणाचा असा भार कुणी अंगावर वागवला नव्हता. ‘रांगडा’ हा शब्द आम्हाला या दृश्यासाठी योग्य वाटतो.

ती उलटणारी गाडी खरी की संगणकाची?

खरी. रस्त्यावर हातपाय बांधून टाकलेली व्हेस्पर दिसते, बाँड चाक वळवतो आणि ॲस्टन मार्टिन डीबीएस कोलांट्या खाते. चित्रीकरणात अडचण अशी आली की गाडी बसकी आणि जमिनीला धरून चालणारी, रॅम्पवर चढवूनही ती नीट उलटेना. मग गाडीच्या पोटात दाबलेल्या नायट्रोजनची तोफ बसवली. योग्य क्षणी तोफेचा दट्ट्या खाली जमिनीवर आदळला आणि गाडी उचलली गेली. स्टंट चालक ॲडम कर्लीने सात कोलांट्या घेतल्या आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली.

सुरुवातीचा मादागास्करमधला पाठलागही असाच अंगमेहनतीचा. पळणारा सेबास्टियन फुकाँ हा पार्कूरच्या, म्हणजे भिंती-अडथळ्यांवरून उड्या मारत धावण्याच्या कलेच्या, जनकांपैकी एक. तो भिंतीच्या वरच्या चिंचोळ्या फटीतून माशासारखा निसटतो, बाँड त्याच भिंतीला भगदाड पाडून सरळ आरपार जातो. एक शब्द न बोलता नवा बाँड कसा आहे ते कळतं: चपळ नाही, पण थांबत नाही.

पत्त्यांचा शेवटचा डाव कळला नाही. ट्रेल मोठी की सिक्वेन्स?

तीन पत्ती खेळणाऱ्यांची गफलत इथेच होते. तीन पत्तीत ट्रेल (तीन सारखी पानं) सगळ्यांत मोठी, प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाची सलग तीन) तिच्याखाली. पोकरमध्ये उलट: एकाच रंगाची सलग पाच पानं सर्वांत वर, त्याखाली चार सारखी, त्याखाली फुल हाउस म्हणजे तीन अधिक दोन, त्याखाली फ्लश म्हणजे एकाच रंगाची कोणतीही पाच. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सर्वांसाठी पाच उघडी. या सातांतून उत्तम पाच निवडायची.

शेवटच्या डावात टेबलावर बदाम एक्का, इस्पिक अठ्ठी, इस्पिक छक्की, मग इस्पिक चव्वी आणि शेवटी इस्पिक एक्का येतो. चौघे उरलेत:

पहिल्याकडे इस्पिक राजा-राणी, म्हणजे फ्लश.
दुसऱ्याकडे दोन अठ्ठ्या, म्हणजे तीन अठ्ठ्या आणि दोन एक्के, फुल हाउस.
खलनायक ल शिफ्रकडे एक्का आणि छक्की, म्हणजे तीन एक्के आणि दोन छक्क्या, वरचढ फुल हाउस.
बाँडकडे इस्पिक पंजी आणि सत्ती. टेबलावरची चव्वी, छक्की, अठ्ठी जोडली की चार ते आठ सलग, सगळी इस्पिकची.

आता पैशांचं. दहा खेळाडू, प्रत्येकी १ कोटी डॉलर, आणि हरल्यावर परत बसायचं तर आणखी ५० लाख. बाँड मध्ये हरतो, व्हेस्पर पैसे द्यायला नकार देते आणि सीआयएचा फेलिक्स लायटर त्याला उभं करतो. बाँड का हरतो, तर ल शिफ्र थाप मारताना कानशिलाकडे बोट नेतो ही खूण त्याने पकडली, असं त्याला वाटलेलं असतं. समोरच्याने तीच खूण मुद्दाम पेरली.

पोकरच्या जाणकारांचा आक्षेप रास्त आहे: चार जणांना एकाच डावात इतकी जबर पानं येणं फारच दुर्मीळ. पुस्तकात पोकर नाही, बॅकारा आहे. त्यात बेरीज नऊच्या जवळ न्यायची असते आणि नशिबाचा वाटा मोठा. पोकरमध्ये समोरच्याची नजर वाचावी लागते, म्हणून पडद्यासाठी हा बदल आम्हाला पटतो.

ल शिफ्र जुगाराला का बसतो, हेही अनेकांच्या नजरेतून सुटतं. त्याने दहशतवाद्यांचे पैसे एका विमान कंपनीच्या शेअरवर ‘शॉर्ट’, म्हणजे भाव पडला तर नफा, असे लावलेले असतात. मायामीच्या विमानतळावर तिचं नवं विमान उडवून भाव पाडायचा बेत. बाँड विमान वाचवतो, भाव पडत नाही, दहा कोटींहून जास्त डॉलर बुडतात. ते भरून काढायचा शेवटचा रस्ता म्हणजे हे टेबल.

क्यू कुठे गेला? आणि ती धून?

बाँडला यंत्रं पुरवणारा क्यू आणि कचेरीतली सचिव मनीपेनी दोघंही पहिल्या दोन चित्रपटांत नाहीत, ‘स्कायफॉल’मध्ये परततात. यंत्र म्हणाल तर हातात टोचलेला माग काढणारा तुकडा आणि गाडीतला वैद्यकीय संच, एवढंच.

धून मुद्दाम राखून ठेवली आहे. संगीतकार डेव्हिड अर्नोल्ड शीर्षकगीताच्या चालीचे तुकडे वापरत राहतो आणि पूर्ण बाँड धून अगदी शेवटी देतो. गुन्हेगारी संघटनेचा माणूस मिस्टर व्हाइट, त्याच्या पायात गोळी लागते, तो पायऱ्यांकडे सरपटतो, बाँड आपलं नाव सांगतो, आणि धून सुरू होते. १४४ मिनिटं थांबवून दिलेली ही गोष्ट थिएटरात अंगावर काटा आणते. ज्यांना ‘धूनच नाही’ म्हणून राग आला, त्यांनी ही शेवटची दोन मिनिटं मोठ्या आवाजात ऐकावीत.

विषबाधेचं दृश्य वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे का?

अर्धंमुर्धं. जुगार चालू असताना बाँडच्या पेयात डिजिटॅलिस हे विष घातलं जातं, त्याने हृदयाची लय बिघडते हे खरं. पण बाँडला गाडीतल्या संचाने देतात तसा विजेचा झटका बिघडलेल्या वेगवान लयीसाठी असतो. पडद्यावर सरळ रेषा दिसत असेल तर झटक्याने हृदय सुरू होत नाही. आणि बाँड पेल्यात मीठ ओतून, ते पाणी पिऊन उलटी काढतो, ते घरी कधीही करू नका. विषबाधेत मिठाचं पाणी स्वतःच घातक ठरतं. सरळ दवाखाना गाठायचा.

‘क्वांटम ऑफ सोलेस’ इतका बदनाम का? तो खरंच वाईट आहे?

दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं पटकथेचं. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ हॉलिवूडच्या लेखकांचा संप होता आणि चित्रीकरण जानेवारीत सुरू झालं. पटकथेवर शेवटचा हात फिरायचा राहिला, हे बघताना जाणवतं. खलनायक ग्रीन काय करतोय ते कळतं, पण त्याची भीती वाटत नाही.

दुसरं संकलनाचं. ॲक्शनचं दुसरं युनिट डॅन ब्रॅडलीकडे होतं, ज्याने बोर्न मालिकेतही काम केलं होतं. सुरुवातीच्या पाठलागाची पहिली दहा सेकंदं घ्या आणि कट मोजा. मग ‘कॅसिनो रॉयल’च्या क्रेनवरच्या झटापटीची दहा सेकंदं मोजा. फरक बोटांवर येतो. ‘क्वांटम’मध्ये बाँडची गाडी कुठे, पाठलाग करणारी कुठे, हे ठरेपर्यंत दृश्य बदलतं. खासबागेत पंचाने दर सेकंदाला प्रेक्षकांच्या डोळ्यांवर हात ठेवावा, तशी गत होते. कॅमेरा हलला म्हणजे मार खरा वाटतो, हा समज चुकीचा आहे. मार खरा वाटतो तो अंतर, वजन आणि जागा डोळ्यांत बसल्यावर.

पण याच चित्रपटात काही गोष्टी फार चांगल्या आहेत आणि त्या शिव्यांच्या आवाजात ऐकू येत नाहीत. ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्झचा ऑपेरा बघा: रंगमंचावर ‘टोस्का’ चालू, प्रेक्षकांत बसलेले गुन्हेगार कानातल्या यंत्रावर बैठक घेतायत, बाँड मध्येच बोलतो, आणि जे घाबरून उठतात त्यांचे फोटो काढतो. विषयही दमदार आहे. ग्रीन बोलिव्हियाचं तेल नव्हे, पाणी बळकावतोय, जमिनीखाली ते अडवून. तिथल्या कोचाबांबा शहरात पाण्याच्या खासगीकरणावरून २००० साली लोक रस्त्यावर उतरले होते, तो संदर्भ यामागे आहे. धरणाचं आवर्तन कधी सुटतं यावर ज्यांचा ऊस जगतो, त्या आपल्या भागातल्या प्रेक्षकाला हा खलनायक समजावून सांगावा लागत नाही.

आमचं मत: तो स्वतंत्र चित्रपट म्हणून लंगडा आहे, उपसंहार म्हणून चांगला. कथा ‘कॅसिनो रॉयल’ संपतो तिथून थोड्याच वेळात सुरू होते. दोन्ही लागोपाठ, एकाच बैठकीत बघा. एकूण २५० मिनिटं, म्हणजे चार तास दहा मिनिटं, मध्ये एक चहा.

बाँड याआधी कधी रांगडा नव्हताच का?

होता. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधली (१९६३) रेल्वेच्या डब्यातली झटापट आजही उजवी आहे. ‘ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस’ (१९६९) बायकोच्या खुनावर संपतो. टिमोथी डाल्टनचा ‘लायसन्स टू किल’ (१९८९) तर इतका हिंसक होता की ब्रिटनमध्ये त्याला पंधरा वर्षांवरच्यांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं. क्रेगने नवं पीक काढलं असं म्हणणाऱ्यांनी डाल्टनचे दोन चित्रपट जरूर बघावेत. त्याच्यावर अन्याय झालाय.

घरचे मोठे रॉजर मूरचे भक्त आहेत. त्यांना हा बाँड कसा दाखवावा?

‘ऑक्टोपसी’तल्या (१९८३) उदयपूरवर, कबीर बेदी आणि विजय अमृतराजवर प्रेम असलेल्या माणसाला एकदम ‘कॅसिनो रॉयल’ दाखवलात तर खुर्चीला बांधून छळण्याच्या दृश्यातच ते उठतील. पायरीपायरीने जा. मूरचाच ‘फॉर युअर आईज ओन्ली’ (१९८१), जो बराच जमिनीवर आहे. मग डाल्टनचा ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ (१९८७). मग ‘गोल्डनआय’ (१९९५), कारण त्याचा दिग्दर्शकही कॅम्पबेलच. चौथ्या रात्री ‘कॅसिनो रॉयल’. विनोद गेला ही त्यांची तक्रार तरीही राहील, आणि ती खोटी नाही. फक्त रेल्वेतलं बाँड आणि व्हेस्परचं पहिलं जेवण नीट ऐकवा. विनोद तिथे आहे, हळू आवाजात आहे.

हिंदीत बघावा की इंग्रजीत? टीव्हीवर नीट का दिसत नाही?

पहिल्यांदा इंग्रजी आवाज आणि खाली अक्षरं. हिंदीत पाठलागाचं काही बिघडत नाही, पण व्हेस्पर आणि बाँड एकमेकांना जोखतात तिथली धार जाते.

टीव्हीवर चित्र मालिकेसारखं गुळगुळीत दिसत असेल तर दोष चित्रपटाचा नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, टीव्ही मधल्या चौकटी स्वतः भरतो. चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा, किंवा फिल्ममेकर मोड निवडा. प्रागमधली सुरुवात कृष्णधवल आणि गडद आहे, ती उजेडात बघू नका. संवाद बारीक आणि गोळीबार कानठळ्या बसवणारा वाटला तर आवाजाचा पर्याय ५.१ वरून स्टीरिओवर आणा.

सेन्सॉरने काय कापलं?

गाजलं ते ‘स्पेक्टर’चं. भारतात त्यातली चुंबनं निम्म्याने आखूड केली आणि ‘संस्कारी’ बाँडवर देशभर विनोद झाले. ‘कॅसिनो रॉयल’ची कात्री ब्रिटनमध्ये लागली: लहान मुलांना पालकांसोबत बघता यावा म्हणून छळाचं दृश्य तिथे थोडं कापलं गेलं.

‘नो टाइम टू डाय’चा शेवट ज्यांना पटला नाही, त्यांचं काय?

आधी एक गोष्ट. तो भारतात ३० सप्टेंबर २०२१ ला आला तेव्हा महाराष्ट्रातली थिएटरं बंद होती, ती २२ ऑक्टोबरला उघडली. आपल्याकडच्या बहुतेकांना शेवट आधी मोबाइलवर कळला, मग पडद्यावर. नाराजीत त्याचाही वाटा आहे.

बाँड मरू शकत नाही, असं मानणाऱ्यांची बाजू आम्हाला समजते. मात्र ज्या मालिकेत पहिल्याच चित्रपटापासून मार लागतो, जखम राहते, त्या बाँडला मरणही लागणार. पाच चित्रपट ओळीने बघितले तर हा शेवट ओढून आणलेला वाटत नाही. एकटाच बघितला तर वाटतो.

दुसऱ्यांदा बघताना काय निरखावं?

व्हेस्परच्या गळ्यातली गाठीची साखळी. डाव जिंकल्यावर जेवताना बाँड ती ओळखतो: अल्जीरियन प्रेमगाठ, कुणीतरी दिलेली. ती विषय उडवून लावते. त्या क्षणी तिचा चेहरा बघा. ती कुणासाठी काय करतेय हे तिथे अर्ध्या सेकंदात दिसून जातं. त्यानंतर व्हेनिसमधला तिचा लाल पोशाख, पैशांची बॅग, बुडणाऱ्या घरातली लिफ्ट, तिने आतून लावून घेतलेलं दार. आणि मग ‘क्वांटम’चं शेवटचं दृश्य: कझान, रात्र, बाँड व्हेस्परला फसवणाऱ्या प्रियकराला जिवंत सोडून बाहेर येतो, आपली वरिष्ठ एम हिच्याशी दोन वाक्यं बोलतो आणि चालू लागतो. कॅमेरा त्याच्यामागे जात नाही. तो बर्फात पडलेल्या त्या साखळीवर थांबतो.